ऐकण्याची परवानगी

परक्या प्रोग्रामवर विश्वास ठेवू नये, हा माझ्या धंद्यातला पहिला धडा. गाणी वाजवणारा साधा प्लेअर घेतला तरी तो संगणकात पाय पसरायला बघतो. कुणाला तुमचे फोटो हवे असतात, कुणाला इंटरनेट. म्हणून आम्ही त्याला सँडबॉक्समध्ये, म्हणजे कुंपणात, ठेवतो. पाहुण्याला ओसरीवर बसवावं, चहापाणी करावं, पण माजघरात फिरकू देऊ नये, तसं. ही कुंपणं बांधायचं काम मी राजूरच्या घरी बसून करतो, आणि माझ्या संशयी स्वभावावर आई म्हणते, "अवधूत, तू पोलिसात जायचास, चुकून इकडे आलास."

बाबा, म्हणजे शामकांत मास्तर, गेल्या वर्षी वारले. म्हातारपणी त्यांचे कान पार गेले होते आणि यंत्र लावून घ्यायला ते काही केल्या तयार नव्हते. आई ओरडून ओरडून दमली आणि शेवटी तिने बोलणंच सोडलं. जेवण वाढलं की ताटाकडे नुसतं बोट दाखवायची. बाबांनी कधी कुरकुर केली नाही. तिला सांगायच्या गोष्टी ते मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून त्यालाच सांगत बसायचे, वरईला कणसं आली, बाजारात कोण भेटलं, असलं काहीबाही. प्रत्येक गोष्टीआधी "अगं, ऐकलंस का?" आणि मग तिचं 'हं' येईल एवढं थांबणं. ते गेल्यावर आईला हे सगळं सापडलं, आणि तेव्हापासून तिच्या जिवाला एकच गोष्ट लागून राहिली: आपण रागावलो नव्हतो, नुसतंच दमलो होतो, हे त्यांच्या कानावर घालायचं राहून गेलं.

मी ती ध्वनिमुद्रणं जुन्या संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये टाकली आणि प्लेअरला तेवढंच फोल्डर उघडून दिलं, तेही वाचण्यापुरतं. बाकी सगळी दारं बंद. माइक तर त्या संगणकाला जोडलेलाच नव्हता. भांडी आवरून झाली की आई दुपारी त्याच्यासमोर बसायची आणि बाबा थांबले की तेवढ्यात उत्तर देऊन टाकायची. तिचा वेळ बरा जातोय, असं मला वाटलं.

पण हळूहळू बाबांचं थांबणं लांबायला लागलं. आईचं बोलून संपलं तरी ते पुढे जात नसत. कान देऊन बसलेल्या माणसाचा श्वास तेवढा ऐकू येई. मी फाइली तपासल्या. त्यांना कुणाचा हात लागलेला नव्हता. आणि मग एका दुपारी, जी फाइल मी स्वतः पूर्वी ऐकली होती तिच्यात, बाबा म्हणाले, "काहीच ऐकू येत नाही गं."

त्याच क्षणी पडद्यावर चौकट आली. प्लेअरला मायक्रोफोन वापरायचा आहे. परवानगी द्यायची?

मी 'नाही' दाबलं. हे मागणं त्या प्रोग्रामला करताच येत नाही. त्याच्यात ती सोयच नाही. दुसऱ्या दिवशी चौकट पुन्हा आली. मी कुंपण मोडून नव्याने बांधलं, इंटरनेटची वायर काढून ठेवली, 'पुन्हा विचारू नये' असंही सांगून पाहिलं. तरी ती आलीच, तशीच, शांतपणे.

"काय विचारतोय तो?" आईने विचारलं.

"ऐकू का, म्हणून विचारतोय."

आईने पडद्यावरच्या चौकटीवर बोट ठेवलं. "मग त्याला नाही म्हणणारा तू कोण?"

मी परवानगी दिली. आई पुढे सरकून म्हणाली, "अहो, मी रागावले नव्हते. दमले होते हो."

थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "ठाऊक होतं गं. पण तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

माझे हात आपोआप जोडले गेले. भीती नव्हती वाटली. एवढं मोठं काही आपल्या घरात घडावं आणि आपण तिथे असावं, याचंच भान पेलत नव्हतं. आई पदराने डोळे पुसत होती आणि हसत होती.

मग रोजच गप्पा रंगायला लागल्या. दूध घेऊन येणारी चांगुणा दारातच थबकली. "मास्तरांना आता लई झ्याक ऐकू येतंया की! जित्ते हुते तवा बाईंना किती वरडावं लागायचं." एवढं बोलून ती दूध ओतून शेजारच्या घरी गेली.

त्यानंतर आईचा आवाज बारीक होत गेला. घसा बसला असेल म्हणून मी हळदीचं दूध देत राहिलो. काल दुपारी मात्र मी तिच्या शेजारीच जाऊन बसलो. ती बोलत होती, ओठ हलत होते, मान डोलत होती, आणि तिच्या तोंडून कसलाही आवाज येत नव्हता. तिचा आवाज स्पीकरमधून येत होता, बाबांच्या आवाजाला अगदी लागून.

मी माऊसवर हात ठेवला. परवानगी काढून घ्यायला एक बटण पुरतं. पण ते दाबल्यावर आईचा आवाज कुठल्या बाजूला राहील, हे मला कळेना. हात तसाच राहिला.

"अवधूत का गं बोलत नाही?" बाबांनी विचारलं.

आईने माझ्याकडे वळून पाहिलं. इतकं सुखी मी तिला कधीच पाहिलं नव्हतं. तिचे ओठ हलले, आणि स्पीकरमधून तिचा आवाज आला, "त्यालाच विचारा की."

"बाबा" म्हणून हाक मारायला माझा जीव कासावीस झाला. मी दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं.