द्रौपदीचं लुगडं

मोहाडीजवळच्या एका गावात दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत भरदिवसा दंडारीचं नाटक उभं राहायचं, आणि त्यात भीम व्हायचा तो केवळरामच. उंचापुरा, भरघोस मिशांचा धानकरी. त्याने गदा आपटली की पोरं आयांच्या पदराआड लपत. इश्वर शिंपी लुगडं नेसून द्रौपदी व्हायचा आणि वस्त्रहरणाला खरंखुरं रडायचा. खेळ संपल्यावर केवळराम त्याला सगळ्यांदेखत चिडवी, "तुले बायको नाही, नवराच पाहा लागते रे!" इश्वर मुकाट्याने काजळ पुसत बसायचा.

अठ्ठ्याहत्तरच्या भादव्यात केवळरामची एकुलती एक मुलगी, चंद्रकला, तापाने गेली. त्याने तिला आपल्या हाताने खड्ड्यात निजवलं, माती लोटली आणि कोरड्या डोळ्यांनी परत आला.

"मर्द म्हणतेत तो असा," दंडारीचा म्होरक्या नंदलाल लोकांना म्हणाला. "भीमच आहे आपला."

त्याची बायको रुखमा मात्र त्याच्याकडे पाहत राहायची. एक दिवस तिने विचारलंच, "ती तुमची कोणी नव्हती का?"

केवळराम विळा घेऊन धानाच्या बांधीकडे निघून गेला. बांधीत निंदण करताना चंद्रकला आठवायची, पण डोळ्यांत पाणी म्हणून येत नसे. रुखमा पुढे विचारेनाशी झाली. ताट वाढायची आणि दुसऱ्या खोलीत जायची.

शेवटी एका दुपारी तो इश्वरच्या घरी गेला. इश्वरने मशीन थांबवलं.

"इश्वर, मले रडता येत नाही. तू कसा रडतेस?"

इश्वर हसला नाही. "भाऊ, माय मेली तवा मी बी उभाच होतो खांबासारखा. मंडईत लुगडं नेसलो, तवाच रडू आलं. पायजम्यात मले बी येत नाही."

केवळराम हळूच म्हणाला, "दे बरं थे लुगडं."

इश्वरने पेटीतून ते काढून दिलं आणि स्वतः बाहेर ओट्यावर जाऊन बसला. केवळरामला नेसता आलं नाही. त्याने ते कसंतरी अंगाभोवती गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला, आणि "चंद्रे" अशी हाक मारली. मग त्याला आवरेना. तो हुंदका गल्लीपर्यंत गेला. कपडे टाकायला आलेल्या नंदलालने इश्वरला बाजूला सारून दार लोटलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. भीमाने लुगडं नेसलं! पानठेल्यावर लोक पोट धरून हसले. त्या वर्षीच्या मंडईत भीम दुसराच होता. इश्वर द्रौपदी व्हायला गेलाच नाही.

त्याच संध्याकाळी ही गोष्ट रुखमाच्या कानावरही गेली होती. तिने ताट वाढलं आणि या वेळी समोरच बसली.

"खरंच रडले तुमी?"

"हो."

"मंग माह्याजवळ काहून नाही?"

केवळरामने घास खाली ठेवला. "तू मले भीम समजतेस असं वाटे."

"मी नव्हती समजत," ती म्हणाली. "मी एकटीच रडली न इतके दिवस."

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने डोळे मिटले, वाट पाहिली. रडू आलं नाही. रुखमाने थोड्या वेळाने हात काढून घेतला आणि भांडी घेऊन उठली.