चाळीस दिवस बोनेट उघडू नका

भर दुपारी टॅक्सी स्टँडवर चाळीसेक माणसं एका गाडीच्या काचांना नाक लावून उभी होती. आत डॅशबोर्डवर इंजिनाचा ताप दाखवणारा बोटभर काटा लाल रेघेला टेकलेला. पुढे उघड्या बोनेटखाली, काळ्या कापडाआड दोन्ही हात घालून एक माणूस पुटपुटत होता. लोक त्याला काटेबाबा म्हणत. मी त्याला अहो-जाहो करणार नाही.

"काट्याकडे बघा! नजर हलली की शक्ती हलते!" तो कापडाआडून ओरडला. "यंत्रालाही राग येतो, लेकरांनो. राग उतरला की काटा उतरतो!"

काटा खरंच उतरू लागला. लाल सोडून मधोमध आला, मधोमध सोडून पार तळाला गेला. टाळ्या पडल्या. एकाने तर टायरला हात लावून नमस्कार केला.

गाडी माझ्या धाकट्या भावाची. मी मोटार दुरुस्ती शिकवते, म्हणून स्टँडवर मला मास्तरीण म्हणतात. भावाने मुद्दाम बोलावलं होतं, "ताई, तुझ्या पुस्तकात नाही ते बघायला ये." गाडी तापतेय, असं तो मला पंधरा दिवस सांगत होता, आणि मी परीक्षांच्या गडबडीत "पाणी टाक, रविवारी बघते" म्हणून त्याची बोळवण करत होते. दोन रविवार गेले. बाबाला हे गिऱ्हाईक मीच मिळवून दिलं, ते कबूल करते.

बाबाने कापडाची घडी केली आणि बोनेट धाडकन बंद केलं. "आता चाळीस दिवस हे झाकण उघडायचं नाही. उघडलं तर राग दुप्पट होऊन परत येईल. मग माझ्या नावाने खडे फोडायचे नाहीत."

"पाणी बघायलासुद्धा नाही?" मी विचारलं.

"विश्वास असला की पाणी बघावं लागत नाही, बाई."

"अरे, उकळतं पाणी मिनिटात गार होतं का? घरी कधी चहा केलायस की नाही?"

दोघे-तिघे हसले. बाबाने मग ठेवणीतला पत्ता टाकला. "बाईमाणसाने इंजिनात नाक खुपसू नये." माझ्या मस्तकात तिडीक गेली.

"ताई, लोकांसमोर नको ना," भाऊ हळूच म्हणाला. "काटा उतरलाय. डोळ्यांना दिसतंय."

"जरा जास्तच उतरलाय. चालत्या, धडधाकट इंजिनाचा काटा मधोमध असतो. धडधाकट माणसाच्या अंगालाही ऊब असते. थंडगार कोण पडतं, सांग बरं?"

तरी तो बोनेटसमोरून हलला नाही. त्याचं सगळं घर या एका इंजिनावर चालत होतं. ते जळलं तर उद्यापासून तो बिनकामाचा होता आणि मला ते दिसत होतं. त्याला मात्र फक्त काटा दिसत होता.

तेवढ्यात मिशीवाले पुढे आले. स्टँडवरचे सगळ्यांत जुने चालक. "बाबा, मला एक सांगा. माझ्या गाडीचाही काटा तुम्ही असाच उतरवलात. बाराव्या दिवशी चढावर इंजिन जाम झालं. तुम्ही म्हणालात, उघडलं असशील. मी बोटही लावलं नव्हतं हो."

"मनात शंका आली असेल!"

"आली असती तर बरं झालं असतं," मिशीवाले म्हणाले.

भावाने त्यांच्याकडे पाहिलं. मग गाडीचं दार उघडलं आणि बोनेटची कळ ओढली.

"रेडिएटरच्या झाकणाला कुणी हात लावू नका, भाजाल," असं म्हणून मी बाटलीतलं थोडं पाणी इंजिनावर शिंपडलं. चर्र झालं. तापलेल्या तव्यावर उडावेत तसे थेंब उडाले.

"हे बघा तुमचं थंड इंजिन!"

मग मी खाली वाकून शोधलं. एक बारीक वायर उपटून पाइपामागे दडवलेली होती. इंजिनाच्या पाण्यात एक छोटा सेन्सर असतो. पाणी किती तापलं ते तो या वायरीतून काट्याला कळवतो. वायर काढली की निरोप थांबतो आणि काटा तळाला जातो. मी वायर जोडली, भावाने चावी फिरवली. काटा लाल. वायर काढली, काटा तळाला. तीन वेळा राग चढवला, तीन वेळा उतरवला.

"घ्या, मीही बाबा झाले! ताप उतरवायला याने थर्मामीटर फोडला. काट्याकडे बघा म्हणाला, कारण तुम्ही हाताकडे बघितलेलं त्याला नको होतं. आणि चाळीस दिवस कशाला? तोवर इंजिन मरतं आणि हा दुसऱ्या स्टँडवर पोचतो."

बाबा कापड काखोटीला मारून सटकत होता. दोघांनी त्याची कॉलर धरली.

"मारू नका," मी म्हटलं. "बाकावर बसवा. दुरुस्ती कशी करतात ते बघू दे, शिकला तर पोटाला उपयोगी पडेल."

इंजिन निवेपर्यंत मी भावाला विचारलं, "तापते कधी? मोकळ्या रस्त्यावर की गर्दीत?"

"गर्दीत. मोकळ्या रस्त्यावर काही नाही."

"धावताना रेडिएटरला वारा आपोआप मिळतो. उभी असताना तो पंख्याने द्यायचा असतो. पंखा फिरताना कधी पाहिलास?"

त्याला आठवेना. मी बॅटरीवरून पंख्याला थेट वीज दिली, तो भणभणत फिरला. म्हणजे पंखा ठीक होता, वीज पोचत नव्हती. त्याला वीज देणारा प्लग हिरव्या गंजाने भरला होता. पॉलिश पेपरने घासला आणि घट्ट बसवला. पाणी भरून गाडी उभ्यानेच चालू ठेवली. काटा मधोमध आला, थोडा पुढे सरकला, तेवढ्यात पंखा आपोआप सुरू झाला आणि काटा तिथेच थांबला. या वेळी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

मिशीवाले बराच वेळ आत वाकून बघत होते. "एवढंच होतं?"

"तुमच्या गाडीचं दुखणं वेगळंही असेल," मी म्हटलं. "पण काटा शाबूत असता तर चढावर तो लाल झालेला दिसला असता. तुम्ही थांबला असता."

 त्यांच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

म्हणून हे लिहितेय. दुखणं बरं झालं की नुसतं दिसेनासं झालं, एवढं विचारायला शिका. तुमच्याच वस्तूचं झाकण उघडायला कुणी बंदी घातली, तर ते त्याच्यादेखत, तिथल्या तिथे उघडा. जे खरं आहे ते उघडून बघितल्याने बिघडत नाही. मिशीवाले आज अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसऱ्याची गाडी चालवतात. बाबाचा शब्द त्यांच्याइतका तंतोतंत स्टँडवर दुसऱ्या कुणी पाळला नव्हता.