गाणारं कुणी नसताना

"काका, ती बाई हसून झाल्यावर तुमची पेटी हसतेय," मंजिरीनं लॅपटॉपवरचा सिनेमा थांबवला. "सही वाजवताय, बस थोडं लेट होतंय."

"साथीदार आहे मी. गाणाऱ्याच्या मागूनच जाणार ना," शामराव म्हणाले.

शामराव पुराणिक निवृत्त झाले ते वीज मंडळाच्या कचेरीतून, पण जुन्या इंदुरात ते पेटीवाले म्हणूनच माहीत. तीस वर्षं त्यांनी एकाच गायिकेला साथ केली, आणि ती घरचीच होती, त्यांची बायको. प्रेमलताबाई गात आणि हे मागून सूर भरत. कार्यक्रमपत्रिकेवर यांचं नाव सगळ्यात खाली, मांडववाल्याच्या थोडं वर. त्याचा त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. मागे राहण्यात त्यांचा हातखंडाच होता. चार वर्षांपूर्वी प्रेमलताबाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. तेव्हा पेटी कपाटावर चढली. साथ करायची तर कुणाची?

ती खाली काढायला लावली शेजारच्या मंजिरीनं. तिच्या फिल्म क्लबात रविवारी सकाळी शंभर वर्षांपूर्वीचा एक जर्मन मूकपट दाखवायचा होता, आणि सोबतीला पेटी हवी होती. शामरावांनी नकार द्यायला तोंड उघडलं, तोवर प्रेमलताबाईंनी मान हलवून होकार देऊनही टाकला.

गोष्ट साधी होती. बंदराच्या गावात लोकांचे कपडे धुणारी बाई. मुलीचं लग्न मोठ्या घरात ठरतं, आणि आईला त्या घराचं दार बंद होतं. लग्नाच्या दिवशी आई बाहेर बर्फात उभी राहते, मुलगी खिडकीशी येते, आणि काचेतून आई तिला काहीतरी म्हणते. बाकी सिनेमाभर बोलण्याच्या पाट्या होत्या, इथे मात्र एकही नाही. ती काय म्हणाली, ते कुणालाच कळत नाही. चित्र काळंपांढरं, तरी सोड्यानं तिचे हात लाल झालेत हे दिसायचं. शामराव त्या बाईवर अगदी खूश होते. म्हणूनच त्यांना धडकी भरली होती. इतकी छान बाई, आणि आपण तिचा विचका करणार, तोही प्रेमलता समोर बसलेली असताना.

तालमीच्या तिसऱ्या दिवशीही पेटी मागेच राहिली. त्यांनी भाता बंद केला.

"नाही जमत, बेटा. गवय्याचा आवाज आला की माझी बोटं चालतात. इथे आवाजच नाही. कुणी कीबोर्डवाला बघून घे."

प्रेमलताबाई दारात उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलू लागले तसे शामराव उठले आणि माठातलं पाणी घेऊन आले. बाईंनी पेला घेतला आणि न पिता खाली ठेवला. मग पुन्हा ओठ हलवले.

"काय म्हणतात काकू?" मंजिरीनं विचारलं.

शामरावांनी भरलेल्या पेल्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणतेय, तहान नव्हतीच. माझं बोलून व्हायच्या आत उठलात ना? मग त्या सिनेमातल्या बाईचंही तसंच, ती हसायच्या आत बघा की."

रविवारी त्यांनी बोटांकडे पाहिलंच नाही. त्या बाईच्या खांद्यांकडे बघत राहिले. रडण्याआधी ती श्वास घ्यायची, हसण्याआधी तिची हनुवटी हलायची, आणि पेटी बरोबर तिच्यासोबत निघायची. हॉलमधली कॉलेजची पोरंही मोबाईल खिशात ठेवून बघत होती. शामरावांना आनंद झाला, आणि तो लपवायचं भानही राहिलं नाही.

मग खिडकी आली. तिथे काय वाजवायचं ते ठरलं होतं. पण बोटं परस्पर भैरवीवर गेली, प्रेमलताबाई दर कार्यक्रमाच्या शेवटी म्हणायच्या त्या भजनावर. जिथे त्या श्वास घ्यायच्या तिथे शामराव थांबले, आणि सवयीनं त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. पडद्याच्या उजेडात प्रेमलताबाईंचे ओठ हलत होते. त्या गात होत्या, शब्द न् शब्द. शामराव मागून गेले, पूर्वीसारखेच, किंचित मागून. पडदा काळा झाला तरी भजनाची एक ओळ राहिली होती. ती संपेपर्यंत मंजिरीनं दिवे लावले नाहीत.

बाहेर पोहे खाताना लोकांनी फार कौतुक केलं. शामराव "ती बाईच भारी होती हो" म्हणत राहिले.

घरी आल्यावर पेटी उचलून धरत त्यांनी विचारलं, "काय गं, ती काचेतून काय म्हणाली असेल?"

"जेवलीस का?" प्रेमलताबाईंचे ओठ म्हणाले.

"एवढंच?"

"आई आणखी काय विचारणार?"

शामराव मोठ्यानं हसले. मग कपाटावर पेटी ठेवायला त्यांनी स्टूल शोधलं. स्टुलावर प्रेमलताबाई मटार सोलत बसल्या होत्या आणि उठायचं त्यांचं काही लक्षण दिसेना. शामरावांनी थोडी वाट पाहिली आणि पेटी खाली सतरंजीवर ठेवली.