डबा त्यांचा होता

पहिल्या घावाला काचेवर नुसता चरा उमटला. दुसऱ्या घावाला ती अख्खी खाली आली आणि दुकानातल्या कोऱ्या गाड्यांवर तिचा चुरा सांडला. माझ्या हातात कालवं फोडायचा हातोडा होता. सत्तरीत पाय लटपटतात माझे, हात नाहीत.

दुकानाचा मॅनेजर ड्युप्री आवाज न चढवता म्हणाला, "आजी, तुमच्या पोरानं स्वतःच्या हातानं एअरबॅगचा डबा उघडला. हात लावू नका, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. मग भरपाई कसली मागता?"

तिसरा घाव त्याच्या टेबलावर बसला. त्यानं हात जेमतेम ओढून घेतला. घेतला नसता तर चाललं असतं मला.

ते पत्र गाडीच्या कंपनीकडून मार्चमध्ये आलं होतं. मला वाचता येत नाही, माझ्या लहानपणी आमच्या खाडीवरच्या पोरांना शाळेत घेत नव्हते. लोरिसनं, माझ्या धाकट्यानं, जिन्यावर बसून वाचून दाखवलं. आमच्या लुइझियानाच्या दमट हवेत एअरबॅगच्या, म्हणजे धडक बसली की फुगणाऱ्या पिशवीच्या, डब्यातली स्फोटक दारू बिघडते, डबा फुटतो, पत्र्याचे तुकडे माणसात घुसतात. गाडी चालवू नका, डब्याला हात लावू नका. नवा भाग आला की फुकट बसवून देऊ. तोवर दुसरी गाडी लागली तर मागा. नुकसान झालं तर भरपाईचा अर्ज करा.

"मागू या का?" लोरिसनं विचारलं. शेजारच्या डार्डारांनी मागितली होती, त्यांच्या दारात चकचकीत गाडी उभी होती.

मी म्हटलं, डार्डारांना लाज नाही. वादळानं आपलं छप्पर नेलं तेव्हासुद्धा मी कुणापुढे हात पसरला नाही, आता चार चाकांसाठी पसरू?

आमच्या खाडीवर कुणी काही दुरुस्तीला दुकानात नेत नाही. बोटीचं इंजिन घरी खोलायचं, जाळं घरी विणायचं, दुखरा दातसुद्धा घरीच उपटायचा. सहा महिने झाले, भाग आला नाही. लोरिस कोळंबीच्या कारखान्यात जायला लोकांच्या ट्रकच्या हौद्यात उभा राहायचा आणि भिजून घरी यायचा. एका सकाळी माझ्यानं बघवेना. म्हटलं, "इंजिन डोळे मिटून खोलतोस ना? मग ती पिशवी काढून फेक. पिशवीच नसली तर फुटेल काय?"

मी खाली मासे साफ करत होते. बंदुकीसारखा बार झाला. लोरिस गाडीतून आपल्या पायांनी बाहेर आला. उजव्या हाताची तीन बोटं नव्हती, अंगठा कातडीला लोंबत होता. एका डोळ्याच्या जागी नुसतं रक्त. म्हणाला, "आई, माझ्या पोरांना इकडं येऊ देऊ नकोस." मी एप्रननं मनगट आवळलं. बोटं सीटखालून वेचली आणि कोळंबीच्या बर्फात ठेवली. डॉक्टरांनी ती जोडता येणार नाहीत म्हणून सांगितलं. डोळ्याचं तर विचारूच नका.

तर काच फोडली त्या दिवशी शेरीफचा पोलीस म्हणून आला तो माझाच भाचा, एमाइल. "आत्या, हातोडा दे," म्हणाला. "आणि गाडीत पुढं बस, मागं बसलीस तर गाव मला हसेल." दिला मी हातोडा.

मग कंपनीविरुद्ध गाडीमालकांच्या बाजूनं लढणारी वकीलबाई घरी आली. कागद पुढे सरकवून हळूच म्हणाली, "त्यानं उघडलं असं लिहू नका. चालवायला बसला आणि फुटलं, असं लिहा. ड्युप्रीनं नुसतं ऐकलंय, बघणाऱ्या तुम्ही एकट्याच होता. खरं लिहिलंत तर कदाचित काहीच हाती लागणार नाही."

लोरिस माझ्याकडे बघत होता, एका डोळ्यानं. हात गेलेल्या माणसाला कारखाना ठेवत नाही. त्याच्या घरात तीन तोंडं. हे सगळं मला कळत होतं. हो म्हणायला एक क्षण पुरला असता.

"लिही," मी लोरिसला म्हटलं. त्यानं डाव्या हातानं पेन धरलं. मी सांगत गेले, तो वेडंवाकडं लिहीत गेला. पत्र मार्चमध्ये आलं. भाग आला नाही. दुसरी गाडी मागायला मी नको म्हटलं. उघडायलाही मीच सांगितलं. डबा तुमचा होता. भरपाई द्या.

खाली मी माझं नाव घातलं. तेवढंच मला लिहिता येतं.

वकीलबाई कपाळाला हात लावून गेली. उत्तर अजून यायचंय.

काल सकाळी लोरिस धक्क्यावर जाळं घेऊन उभा होता. फेकायचं जाळं माणूस एक काठ दातात धरतो, बाकीचं दोन्ही हातांवर घेतो. त्यानं काठ दातात धरला, डाव्या हातावर घडी घेतली, उजवीकडचं घसरलं. पुन्हा घेतलं, पुन्हा घसरलं. जाळ्याच्या काठाचे शिशाचे मणी फळ्यांवर आपटत राहिले. मी मागे उभी होते, हलले नाही. न मागता कुणी मदतीला आलेलं त्याला खपत नाही. मीच तसा वाढवलाय.

मग त्यानं दातातला काठ काढला आणि पाण्याकडे बघतच म्हणाला,

"आई, जरा धर."

मी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले.