सात नंबरच्या आजोबांची नोंद

मित्रांनो, कोपऱ्यांना चिकटपट्ट्या आहेत म्हणून हसू नका. मी रुग्णालयातल्या एका वॉर्डाची जुनी नोंदवही आहे. दुपारी दोनला पाळी बदलली, की जाणारी सिस्टर येणारीला माझं पान उभ्याने वाचून दाखवायची. कुणाला काय दिलं, किती वाजता, सगळं माझ्यात असायचं. "ही आहे म्हणून आपण निवांत घरी जातो," असं मोठी सिस्टर म्हणायची आणि मी उगाच फुगायची.

मग फोनवर वॉर्डाचा ग्रुप निघाला. वाचन बंद पडलं, माझ्यावर चहाचे कप आले. ग्रुपवरची भाषाही हळूच सगळीकडे शिरली. रजेच्या अर्जातसुद्धा 'प्लीज ना, मूड ऑफ' असं येऊ लागलं. मला हसू यायचं, खोटं कशाला बोलू?

एका दुपारी मात्र माझी पाचावर धारण बसली. नवी सिस्टर, जिला सगळे चिमणी म्हणत, माझ्यात घाईघाईने लिहून निघून गेली, 'सात नंबर आजोबा सॉर्टेड, फुल चिल.' पुढे फोनवर असतो तसा एक अंगठा काढलेला.

मोठी सिस्टर पाळीवर आली. आजोबांना एक वाजता रक्त पातळ करायचं इंजेक्शन द्यायचं होतं. दुसऱ्यांदा गेलं तर रक्तस्राव, राहून गेलं तर रक्ताची गाठ.

"आजोबा, दुपारी सुई टोचली का हो?"

"इथं दिवसभर कुणीतरी टोचतंच असतं, बाई. कुठली सांगू?"

चिमणीचा फोन लागेना. मोठ्या सिस्टरने भरलेली सुई उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात वॉर्डातल्या मावशींनी धावत जाऊन चिमणीला फाटकातून माघारी आणलं.

"दिलंय ताई! एक वाजून दहा मिनिटांनी, पोटाच्या डाव्या बाजूला."

हुश्श! मोठ्या सिस्टरने सुई बाजूला ठेवून दिली. "मैत्रिणींशी हवं तसं बोल गं. पण तू गेलीस की इथं तुझ्या जागी ही वहीच असते." चिमणीने डोळे पुसून वेळ, मात्रा, बाजू, सही, सगळं लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून दोनचं वाचन पुन्हा सुरू झालं. चार दिवसांनी आजोबा आपल्या पायांनी चालत घरी गेले.

मित्रांनो, आपसांत खुशाल अंगठे काढा. पण तुमच्या ओळीवर कुणाचा जीव असेल, तिथे दोन मिनिटं जास्त बसा. तुम्हाला घरी जायला थोडा उशीर होईल, पण तो माणूसही घरी जाईल.