हळद प्यालेली मोटार

तासगावच्या आकारामबापूंची मोटार येतेय हे बघायला कोणी दारात येत नसे. ती मैलभर अलीकडूनच वर्दी द्यायची. बापूंनी ती जुनीच घेतली होती, आणि त्यालाही आता दहा वर्षं उलटली होती. तासगाव-सांगली उतारू वाहून वाहून तिचा मैल मोजणारा काटा एकदा पुरता फिरून परत शून्यावर आला, तेव्हा बापूंनी पेढे वाटले होते. "पुन्यांदा जन्माला आली," म्हणाले.

दहा वर्षांत त्यांनी तिला मिस्त्रीचा हात म्हणून लागू दिला नव्हता. पेट्रोलची टाकी पाझरली की साबणाचा लगदा. चाक कुरकुरलं की बैलगाडीचं वंगण. आणि पुढची पाण्याची जाळी गळू लागली की तिच्यात मूठभर हळद. हळद फुगते, भोकात जाऊन बसते, गळती थांबते. हा शोध आपलाच असं बापू सांगत. गळती थांबायची खरी, पण पुढे पुढे मोटार चढाला लागली की पिवळी वाफ सोडायची, आणि गाव पोट धरून हसायचं.

सेहेचाळीस साली मात्र हसण्यावारी नेता येईना. लेक विजयमाला विट्याला दिलेली, पहिलटकरीण. सातवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि लेकीला आणायला बापानं जायचं ही रीत. तर विहीणबाईंचा, राहीबाईंचा निरोप आला, "तुमी मोटार घिऊन येऊ नगा. आमीच छकड्यातनं पोचवतो." दिवाळीला हीच मोटार भर उन्हात वाटेत बसली होती आणि राहीबाई फराळाची पाटी डोक्यावर घेऊन दोन कोस चालल्या होत्या. ते त्या विसरल्या नव्हत्या.

बापूंना निरोप फार लागला. दारात मोटार असताना लेक सासरच्या छकड्यातून माहेरी यायची, मग मोटार काय जाळायची?

"आवं, त्यांचं काय चुकलं?" चंद्राबाई म्हणाल्या. "सांगलीच्या हाफिज मिस्त्रीला दावा. न्हाईतर आपली बैलं जुपा."

"म्हाताऱ्या बैलाच्या खुरांना नव्या पत्र्या मारून काय उपेग? शर्यतीत पळणार हाय का त्यो?"

"पळायला नगंच. माझी लेक तेवढी घिऊन येऊ दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोटार सांगलीला नेली.

हाफिज मिस्त्री लढाईत इराकच्या वाळूत लष्कराच्या गाड्या दुरुस्त करून आलेला माणूस. त्यानं आधी जाळीच उतरवली आणि पालथी केली. पिवळाधमक चिखल निघाला, पाटीभर. हाफिजनं तो बोटावर घेऊन हुंगला.

"बापू, गावजेवणाची आमटी झाली असती की ह्यात. पानी फिरंल कुठनं? म्हनून तापती बिचारी."

बापू ओशाळले, पण हलले नाहीत. दवाखान्यात रोग्याच्या उशाशी बसावं तसे ते भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन शेजारी बसून राहिले. हाफिजनं एक नळी काढली की, "ती चांगली हाय." दुसरी काढली की, "तिला कशाला हात लावताय?" शेवटी हाफिज म्हणाला, "बापू, येवढं तर विहीणबी छळत न्हाई," आणि मोटारीखाली शिरला.

बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर एक खिळा होता.

बापूंनी तो लगेच ओळखला. दोन वर्षांमागे पालीच्या जत्रेला जाताना ब्रेकच्या सळईची पिन वाटेत पडली. बापूंनी तिथं बैलगाडीचा खिळा ठोकला होता. घरी गेल्यावर बघू म्हणाले आणि विसरले. आता खिळा मधोमध सुतळीएवढा उरला होता. हाफिजनं दोन बोटांनी वाकवला तर मोडला.

बापूंनी दोन्ही तुकडे हातात घेतले. "पर ह्याचा आवाज कसा आला न्हाई मला? मोटारीचं बारीकसारीक कळतं मला."

"जे वाजतं ते कळतं, बापू. ह्यो गप बसला हुता."

बापूंच्या डोळ्यांपुढे विट्याच्या वाटेवरचा ओढ्याचा उतार आला, आणि मागच्या सीटवर विजयमाला. तुकडे खिशात घालत त्यांनी विचारलं, "मिस्त्री, खरं सांगा. येवढ्या जुन्या गाडीवर हात फिरवून काय फायदा हाय का?"

"नवी न्हाई हुनार," हाफिज म्हणाला. "चढाला धापा टाकंल. पर थांब म्हटलं की थांबंल."

येतो असा निरोप धाडून तीन दिवसांनी बापू विट्याला गेले. मोटार अशी गुमान चालली की त्यांनाच चुकल्यासारखं वाटत होतं. दारात उभी केली तरी घरातून कोणी येईना. एरवी लेक आवाजावरून ओट्यावर येऊन उभी राहायची. बापूंना वाईट वाटलं. शेवटी त्यांनी हाक मारली.

"आबा?" विजयमाला लगबगीनं बाहेर आली. "मी सकाळधरनं कान लावून बसलीया. आवाजच न्हाई तुमचा."

राहीबाईंनी मोटारीला एक फेरी घातली. "वाटंत बसली तर?"

एरवी बापूंनी मोटारीचे गोडवे गायले असते. आज म्हणाले, "बसली तर बसंल. पर थांब म्हटलं की थांबती."

राहीबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं, आत गेल्या, सुनेची ओटी भरली आणि पाठीला टेकायला स्वतःची उशी आणून दिली.

ओढ्याच्या उताराला, वळण घेतलं तोच, समोर धनगराची मेंढरं. रस्ता भरून. बापूंनी पाय दाबला. मोटार थांबली. पुढचं मेंढरू दोन हातांच्या अंतरावर उभं राहून बघत होतं.

"आलं का घर, आबा?" विजयमाला झोपेतच म्हणाली.

"न्हाई अजून. झोप तू."

मेंढरं गेली तरी बापूंना मोटार लगेच हलवता आली नाही. त्यांनी खिशातले तुकडे एकदा चाचपले.

तासगावात चंद्राबाई भाकरतुकडा घेऊन दारातच उभ्या होत्या. "वाटंत काय झालं न्हाई न्हवं?"

"काय न्हाई झालं," बापू म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी खिशातून खिळ्याचे दोन तुकडे काढून भाकरीशेजारी ठेवले. "हेबी ओवाळून टाक."

"हे काय हाय?"

"माझा शानपना."

भाकरतुकडा आणि खिळा एका मुठीत धरून चंद्राबाईंनी लेकीवरून ओवाळला, मग नवऱ्यावरून, आणि जराशा थांबून, मोटारीवरूनही.