वेचणीचा वेग

मी एक जुना खेळ आहे, मित्रांनो. चेंडूचा नाही की पत्त्यांचा नाही, संगणकावरचा. माझं नाव 'वेचणी'. काळा पडदा, त्यावर हिरव्या रेघांची पऱ्हाटी म्हणजे कपाशीची झाडं, पांढऱ्या ठिपक्यांचा कापूस आणि कमरेला ओटी बांधलेली एक बाई. बाणांची बटणं दाबून तिला ओळीने चालवायचं आणि सूर्य मावळायच्या आत सगळा कापूस वेचायचा. एवढाच मी. तुम्ही हसाल. हसा बापडे!

मला रवीने बनवलं, १९९७ साली, मोताळ्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये. कॉलेज सुटलं की तो तिथे येऊन बसायचा. रविवारी क्लास बंद, म्हणून तो शेतात जायचा. त्याची आई भिमाबाई लोकांच्या शेतात कापूस वेचायची. रवी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून, घड्याळाकडे बघत, आईला एका बोंडाला किती वेळ लागतो ते मोजायचा. भिमाबाईला वाटायचं, पोरगा कामचुकार झाला.

"बसून काय राह्यला रे? दोन बोंडं तू बी वेच ना!" ती ओरडायची. तो नुसता हसायचा.

आईच्या हाताचा तोच वेग त्याने मला दिला. पण देताना एक चूक केली. माझ्या पोटात घड्याळ बसवायचं सोडून त्याने संगणकाला आकडे मोजायला लावलं. एक बोंड वेचलं की संगणकाने अमुक हजारांपर्यंत मोजायचं, मगच दुसरं बोंड. क्लासमधला संगणक सावकाश मोजायचा, त्यामुळे सगळं छान जुळलं. क्लासचे वामनराव सर खूश होऊन म्हणाले, "भारी बनवलं बे! आईले दाखव." रवी 'हाव' म्हणाला. पण आईला मजुरीतून सवड मिळेना, आणि मग रवीच पुण्याला नोकरीला गेला. मी एका फ्लॉपीत, फ्लॉपी पत्र्याच्या डब्यात, आणि डबा मोताळ्याच्या घरात फळीवर.

पंचवीसहून जास्त वर्षं मी तिथे होतो. अंधाराचं मला काही वाटत नाही, मी काळ्या पडद्यावरच जन्मलो. पण कुणी खेळलंच नाही, तर खेळाने स्वतःला काय म्हणवून घ्यायचं? फार एकटं वाटायचं. डबा जरा हलला की मला वाटायचं, रवी आला.

शेवटी झाकण उघडलं, पण हात रवीचा नव्हता. ती त्याची धाकटी बहीण धम्मशीला होती, बुलढाण्याला शिक्षिका आहे. शेजारी भिमाबाई उभी होती, आणि दोघींच्या बोलण्यातून मला कळलं की रवी गेल्या वर्षी हृदयविकाराने गेला. मला रडता येत नाही, मित्रांनो. रवीने तसं काही लिहिलंच नव्हतं.

"थो त्या क्लासात बसून काय करत होता, एकदा पाहू दे मले," भिमाबाई लेकीला म्हणाली. तिचं एवढंच मागणं होतं.

धम्मशीलाने फ्लॉपी वाचणारं यंत्र मागवलं. माझ्या फ्लॉपीला बुरशी लागली होती. खरखर करत ती एकदाच वाचली गेली आणि नंतर कायमची गप्प झाली. मी कसाबसा लॅपटॉपवर उतरलो, तर लॅपटॉप म्हणाला, हा प्रोग्राम इथे चालणार नाही. मग धम्मशीलाने नव्या संगणकाला जुन्याचं सोंग घ्यायला लावणारा एक प्रोग्राम शोधला. आईला शेजारी बसवलं आणि मला सुरू केलं.

आणि माझी फजिती झाली! नव्या संगणकाने ते हजारो आकडे क्षणात मोजून टाकले. धम्मशीलाने बाणांची बटणं दाबली न दाबली तोच शेत साफ.

"झालं?" भिमाबाईने विचारलं.

"झालं, आई."

ती दाराकडे बघू लागली. इतकी वर्षं वाट पाहून मी तिला काहीच दाखवू शकलो नव्हतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण धम्मशीला चिकाटीची. तिने संगणकाचा वेग कमी केला. आणखी कमी केला. नेमका किती हवा, हे तिला तरी कुठे ठाऊक होतं?

"असं हिसकून कोनी वेचते का व?" भिमाबाई म्हणाली. थोड्या वेळाने, "आता तं झोपलीच थे." आणि मग एकदम, "हां. असंच. राहू दे."

तिची बोटं मांडीवर हलत होती, पडद्यावरच्या बाईच्या बरोबरीने.

"हे तं माह्या हाताची चाल होय. थो धुऱ्यावर बसून हेच मोजत होता काय व?"

मला माहीत होतं, पण रवीने मला आवाज दिला नव्हता. भिमाबाई पडद्याजवळ सरकली. एक ओळ संपली, दुसरी संपली.

"इले जराशी बसू दे ना," ती म्हणाली.

"तसं बटन नाही ठेवलं दादानं, आई."

"मंग बंद कर. किती वेचन थे?"

धम्मशीलाने मला बंद केलं. मी रागावलो नाही. जिच्यासाठी मला बनवलं, तिने मला ओळखलं होतं. पण ही गोष्ट ज्याला सांगावी, तोच उरला नाही. म्हणून सांगतो, मित्रांनो, तुमच्या घरात कुणी कोपऱ्यात बसून काही खुडबुड करत असेल, तर हातातलं काम घटकाभर ठेवा आणि जवळ जाऊन विचारा, काय करतोस रे? तो आहे, तोवर विचारा.